हेदवीच्या खडकावरची संकष्टी

१९८३ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या संकष्टीला, हेदवीच्या किनाऱ्यावर तीन माणसं भरतीत एका खडकावर अडकली. दोघं खडकावर थांबली. एकाने पाण्यात उडी मारली.

थांबलेल्या दोघांपैकी एक माझा शाळेपासूनचा मित्र आणि दुसरी त्याची बायको. उडी मारणारा मित्राच्याच हायस्कुलातला चित्रकलेचा शिक्षक. मी तेव्हा रत्नागिरीत एका दैनिकात उपसंपादक होतो. घटना मला मित्राच्या पत्रातून कळली. पुढे तिघांशीही मी वेगवेगळं बोललो. त्यांच्या सांगण्यात जिथे फरक आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

मित्र गुहागर तालुक्यातल्या एका गावी गणित आणि शास्त्र शिकवत असे. महिन्या-दीड महिन्याने त्याचं अंतर्देशीय पत्र येई. त्यात शाळेतल्या कुरबुरी, आंब्याचा मोहोर आणि शेवटी पैशाला पासरी उपदेश. या वेळी पाकीट आलं. आत फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. पहिलं वाक्य असं होतं : ‘सगळं क्रमाने सांगतो, मधेच शेवटचं पान उलटून बघू नकोस.’

त्या दिवशी सकाळी शाळा भरली ती शोकसभेने. संस्थेचे एक जुने सभासद मुंबईत वारले होते. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मुख्याध्यापक चार शब्द बोलले आणि शाळा सुटली. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या शिक्षकाने विषय काढला. तो कोल्हापूरकडचा, जूनमध्ये नोकरीवर आलेला, अविवाहित.

‘काय ओ सर, पाच म्हैने झालं कोकणात येऊन. समुद्र अजून एस्टीच्या खिडकीतनंच बघतोय मी.’

‘मग उतरायचं खाली. एस्टी थांबते.’

‘एकटा उतरून काय करू? चला की आज. घरात बसून मयताच्या सुट्टीचा दिवस घालवायचा का?’

मित्राच्या बायकोची संकष्टी होती. लग्न मे महिन्यात झालेलं. हेदवीच्या दशभुज गणपतीला एकदा जायचं तिच्या मनात होतं, ते राहून जात होतं. मित्र घरी गेला, तिला म्हणाला, ‘चल, हेदवीला जाऊ.’ ती म्हणाली, ‘आत्ता? कुकर चढवलाय मी तुमच्यासाठी.’ त्याने कुकर उतरवला. दहाच्या एस्टीने तिघं निघाले. पिशवीत उकडलेली रताळी, केळी, शेंगदाण्याचे लाडू आणि पाण्याची बाटली होती.

पत्राची पहिली पानं याच गोष्टींची आहेत. कंडक्टरशी झालेली थट्टा आहे. देवळाच्या पायऱ्या चढताना चित्रकलेचा शिक्षक म्हणाला, ‘आमच्याकडं उपास म्हंजे रोजचं जेवण आणि वर साबुदाणा,’ आणि वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, त्याला लाडू देण्याचं नाकारलं, हे आहे. दर्शन झाल्यावर ते चालत समुद्रावर आले. वाळू मोकळी होती. शिक्षकाने चपला हातात घेतल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो लाटेत उभा राहिला. मग म्हणाला, ‘हे असं दिवसभर चालूच असतंय?’

किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळापलीकडे काळे खडक सुरू होतात. त्यात एक अरुंद, लांब चिरलेली घळ आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट घळीत शिरते, आत कोंडते आणि पाण्याचा फवारा घराच्या कौलांइतका वर उडतो. लोक तो बघायला वरच्या बाजूला, देवळाच्या अंगाला उभे राहतात. घळीच्या समुद्राकडच्या अंगाला एक बसका, सपाट खडक आहे. तिथे जायला मधला एक चर ओलांडावा लागतो. पाणी खाली असताना चरात दगड उघडे असतात आणि त्यांवर पाय ठेवत पलीकडे जाता येतं.

चित्रकलेच्या शिक्षकाला फवारा समोरून बघायचा होता. त्याने चित्राची वही आणली होती.

‘भरती कधी पुरी होणार?’ त्याने विचारलं.

‘तीनला,’ माझा मित्र म्हणाला. ‘चतुर्थी आहे ना. चाराची पाऊणपट तीन.’

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला भरतीची वेळ विचारायला बंदरावर जावं लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तेवढ्या वाजता भरती पुरी भरते. आम्ही दोघांनी हे चौथीच्या आधीच शिकून घेतलं होतं आणि मांडवीच्या किनाऱ्यावर कित्येकदा पडताळूनही पाहिलं होतं. मित्राने पुढचा हिशेबही शिक्षकाला सांगितला. चर दोनच्या सुमारास भरेल, आपण दीडला उठू. तोपर्यंत फवारा सुरू झालेला असेल, तो जवळून बघू आणि निघू.

या हिशेबात एक चूक होती. संकष्टी ही सूर्योदयाच्या तिथीवर धरत नाहीत. चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते. त्या दिवशी सूर्योदयाला तृतीया होती आणि चतुर्थी दुपारनंतर लागत होती. म्हणून उपास त्या दिवशी आला होता. भरती मात्र तृतीयेची होती. तृतीयेची भरती सव्वादोनला पुरी होते.

बाराच्या पुढे ते चर ओलांडून खडकावर गेले. चरात तेव्हाच घोट्याएवढं पाणी होतं. मित्राने ते पाहिलं होतं. पत्रात तो लिहितो : ‘थोडं जास्त वाटलं, पण वाऱ्याने असेल म्हटलं.’

खडकाच्या समुद्राकडच्या टोकाला उंचवटा होता, त्याच्या आडोशाला सावली नव्हती पण टेकायला जागा होती. तिघांनी खाल्लं. शिक्षक वहीत रेघा ओढत होता. घळीतून पहिला फवारा उडाला तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतरचे फवारे भराभर आणि उंच होत गेले. तिघांची तोंडं घळीकडे होती. चर त्यांच्या पाठीमागे होता.

पाठीमागे पहिल्यांदा बघितलं ते मित्राच्या बायकोने. ती पिशवी आवरायला वळली होती.

‘अहो, दगड दिसत नाहीयेत.’

मित्राने घड्याळ बघितलं. सव्वा वाजून गेला होता. चरात पाणी भरलं होतं. ते नुसतं भरलेलं नव्हतं. लाट आली की एका बाजूने उचलून घळीच्या तोंडाकडे वाहत होतं आणि परत फिरताना तितक्याच जोराने बाहेर ओढत होतं. मित्र काठावर बसून पाय सोडून बघायला गेला. कमरेपर्यंत आत गेला तरी तळ लागला नाही. लाटेने त्याला खडकावर आपटलं आणि शिक्षकाने बखोटीला धरून वर ओढलं. मित्राच्या पोटरीला खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने लांब चीर पडली.

यानंतर साधारण अर्धा तास तिघं खडकावर काय करायचं ते बोलत होती. या अर्ध्या तासाबद्दल तिघांच्या सांगण्यात सर्वांत कमी फरक आहे.

मित्राचं म्हणणं होतं की पाणी अजून दीड तास चढणार. आत्ताच लाटेचं पाणी खडकाच्या खालच्या कडेवरून आत येत होतं. दीड तास असंच चढलं तर खडक राहणार नाही, उंचवटासुद्धा नाही. जायचं तर लगेच जायला हवं, उशीर होईल तसा चर रुंद होत जाईल.

बायको म्हणाली, ‘तीनपर्यंत नाही चढणार. आज तृतीया आहे.’

‘संकष्टी तृतीयेला असते होय?’

‘सकाळी तृतीयाच होती. चतुर्थी दुपारनंतर लागते. चंद्रोदयाची वेळ बघताना मी वाचलं कॅलेंडरात.’

‘अगं, उपास चतुर्थीचा करतेस आणि तिथी तृतीयेची सांगतेस?’

‘उपास रात्रीच्या तिथीचा. पाणी कुठल्या तिथीचं ते तुम्ही सांगा. पाऊणपट तुमची.’

मित्राने याला काय उत्तर दिलं ते त्याने पत्रात लिहिलेलं नाही. त्याच्या बायकोच्या सांगण्यानुसार तो म्हणाला, ‘गप्प बस जरा, विचार करू दे.’ शिक्षकाला हे आठवत नाही. त्याला आठवतं ते असं की दोघंही आपल्याकडे बघत होती.

‘मला काय विचारू नका,’ तो म्हणाला. ‘आमच्या नदीला तिथी नसती.’

मग तो उठून चराच्या कडेला गेला आणि बघत उभा राहिला. तो पंचगंगेत पोहायला शिकलेला होता. पुराच्या पाण्यातही पोहला होता, असं त्याने आधी कधीतरी सांगितलं होतं. मित्राला थोडंफार पोहता येत होतं, त्याच्या बायकोला अजिबात नाही.

‘आसं करू,’ शिक्षक म्हणाला. ‘मी पयला जातो. पलीकडं धरायला खडक हाय. मी हात दिला की वहिनींना पाठवा, मग तुम्ही. वहिनींची ओढणी, न्हाई साडी, पदर द्या इकडं, बांधायला.’

‘कोणी जायचं नाही,’ मित्राची बायको म्हणाली. ‘बसा तुम्ही. अर्धा तास बसा. अर्ध्या तासात एवढासुद्धा चढणार नाही आता.’

‘वहिनी, सरांचं गणित हाय ते.’

‘गणित बरोबर आहे. तिथी चुकलीय.’

शिक्षकाने मित्राकडे बघितलं. मित्र म्हणाला, ‘जायचं तर आत्ता.’ हे वाक्य मित्राच्या पत्रात आहे, त्याच्या बायकोने सांगितलं आहे आणि शिक्षकानेही. तिन्ही ठिकाणी शब्द सारखे आहेत.

शिक्षकाने शर्ट काढून वहीवर ठेवला. एक लाट जाऊ दिली. दुसरी परत फिरायला लागली तशी त्याने उडी घेतली. चर तेव्हा पुरुषभर रुंद होता, फार तर दीड. त्याचे हात पलीकडच्या खडकाला लागले. दोघांनीही ते बघितलं. एक गुडघा त्याने वर घेतला. त्याच वेळी तिसरी लाट आली. आधीच्या दोन्हींपेक्षा ती मोठी होती. ती चरातून गेली तेव्हा तो खडकावर नव्हता. पाणी घळीच्या तोंडाकडे वाहत होतं. घळीतून फवारा उडाला.

मित्र कडेला धावला. बायकोने त्याचा शर्ट पाठीमागून धरला. काखेत शर्ट फाटला, पण तिने सोडला नाही. त्याने हिसका दिला तेव्हा ती खाली बसली आणि तिच्या वजनाने तोही बसला. घड्याळात दोन वाजायला काही मिनिटं होती.

यापुढच्या वेळाबद्दल पत्रात एक वाक्य आहे : ‘मग आम्ही बसलो.’ बाकीचं मित्राच्या बायकोने मला सांगितलं.

ती दोघं उंचवट्याला पाठ लावून बसली होती. लाटेचं पाणी खडकावरून पसरत येत होतं आणि मांड्यांखालून जात होतं. रताळ्यांची पिशवी गेली. वही आणि शर्ट तिने उंचवट्याच्या खोबणीत कोंबले. मित्र दर लाटेनंतर हाक मारत होता. फवाऱ्याच्या आवाजात ती त्याची त्यालाही ऐकू येत नव्हती. देवळाच्या बाजूला वर माणसं जमलेली दिसत होती. त्यांतले दोघं-तिघं घळीच्या कडेने खाली उतरत होते, मग दिसेनासे झाले. वर उभा असलेला एक माणूस दोन्ही हात हलवत होता. त्याचा अर्थ तिला कळला नाही.

तिने खडकातली एक पांढरी शीर नजरेत धरून ठेवली होती. लाट त्या शिरेपर्यंत येते की नाही, एवढंच ती बघत होती. एक लाट शिरेवरून दोन बोटं पुढे गेली. त्यानंतरच्या लाटा शिरेपर्यंत आल्या, पण पुढे गेल्या नाहीत. ती नवऱ्याला म्हणाली, ‘घड्याळ बघा.’ त्याने बघितलं नाही. तिने त्याचं मनगट वळवून स्वतः बघितलं. सव्वादोन वाजून गेले होते. थोड्या वेळाने शीर कोरडी राहायला लागली.

पाणी उतरायला लागलं म्हणजे चर लगेच मोकळा होतो असं नाही. जेवढा वेळ भरायला लागतो तेवढाच उतरायला. पुढचा सगळा वेळ दोघं तिथेच होती. तो हाका मारायचा थांबला होता. तिने एकदा म्हटलं, ‘ते चांगले पोहतात.’ तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

चरातले दगड दिसू लागल्यावर दोघं उतरली. तिची साडी कमरेपर्यंत भिजलेली, मित्राचा पाय रक्ताने भरलेला. चराच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ दोर घेऊन उभे होते. मित्राने तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, ‘जित्ता हाय. गाडीत घालून नेलानी त्येला.’

लाटेने त्याला घळीत लोटलं होतं. आत घळ निमुळती होते आणि शेवटी गोट्यांचा उतार आहे. दोन लाटांनी त्याला त्या उतारावर आपटलं, तिसरीने ओढून नेण्याआधी वरच्या माणसांनी त्याच्या काखेत दोर घातला. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. पाठ आणि कोपरं सोललेली. त्याला आधी गुहागरला, मग रात्री जीपने चिपळूणमार्गे रत्नागिरीला आणलं.

पत्राच्या शेवटच्या पानावर मित्राने दोन कामं सांगितली होती. शिक्षकाचं रत्नागिरीत कोणी नाही, तर दवाखान्यात जाऊन ये, लागेल ते बघ. हे पहिलं. दुसरं असं : ‘त्याला वाटत असणार की उडी मारली नसती तर खडक बुडाला असता. तो विचारेल. तू वर्तमानपत्रातला, तुझ्याकडे भरतीच्या वेळा असतात हे त्याला माहीत आहे. पाणी कधी थांबलं ते सांगू नकोस. निदान पाय बरा होईपर्यंत नको.’

आमच्या दैनिकात पंचांगाच्या चौकटीखाली भरती-ओहोटीच्या वेळा छापत असू. त्या दिवसाचा अंक मी फायलीतून काढून बघितला. भरतीची वेळ सव्वादोनच्या आसपासचीच होती. तिथीच्या जागी तृतीया होती आणि पुढे चतुर्थी लागण्याची वेळ.

संध्याकाळी अंकाची पानं लावून झाल्यावर मी दवाखान्यात गेलो. शिक्षकाचा पाय वजनं बांधून वर टांगलेला होता. मी कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, ‘सरांचे दोस्त काय? बसा. कॉटवर नको, स्टुलावर. कॉट हलली की मी वरडतो.’

मी जेवणाची सोय विचारली. त्याने शेजारच्या कॉटवरच्या माणसाच्या घरून भाकरी येते असं सांगितलं. मग त्याने विचारलं.

‘तुमच्या पेपरात भरतीचं टाइम येतंय न्हवं?’

‘येतं.’

‘त्या दिवशीचा पेपर मिळंल का?’

‘फायलीत असेल. बघावा लागेल.’

‘बघा,’ तो म्हणाला. ‘घाई न्हाई. मी हितंच हाय.’

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, अजून बघितला नाही. त्यानंतरच्या दिवशी त्याने विचारलं नाही, नुसतं माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. पिशवीत मोसंबी होती.

रविवारी मित्र आणि त्याची बायको आली. मी आधीच तिथे होतो. मित्राने दाराशी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘बोललास काही?’ मी नाही म्हटलं. त्याच्या पोटरीला पट्टी होती. त्याने चित्राची वही आणली होती. पानं फुगली होती, पण पेन्सिलीच्या रेघा राहिल्या होत्या.

शिक्षकाने वही उघडून एक-दोन पानं उलटली आणि पोटावर ठेवली.

‘सर,’ तो म्हणाला, ‘पाणी कितीला थांबलं?’

मित्राची बायको मोसंबं सोलत होती. तिने वर बघितलं नाही. शेजारच्या कॉटवरचा माणूसही ऐकत होता. मित्राने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. वॉर्डातली नर्स औषधाची गाडी घेऊन आली, शिक्षकाला गोळ्या देऊन पुढच्या कॉटपर्यंत गेली.

‘सव्वादोनला,’ मित्र म्हणाला.

‘मी किती वाजता उडी मारली?’

‘दोनला काही मिनिटं होती.’

‘म्हंजे वीस मिन्टं.’

‘हो.’

‘खडक बुडला?’

‘नाही.’

शिक्षकाने डोळे मिटले. मित्र तसाच उभा होता. बायकोने सोललेल्या फोडी बशीत ठेवल्या आणि बशी शिक्षकाच्या हाताशी सरकवली.

‘वहिनी, तुम्ही तवाच सांगितलं होतं,’ शिक्षक डोळे न उघडता म्हणाला.

‘मला तरी कुठे खात्री होती,’ ती म्हणाली. ‘पाऊणपट मला करता येत नव्हती. तिथी तेवढी माहीत होती.’

‘आणि सरांना पाऊणपट.’ त्याने डोळे उघडले. ‘दोघांचं एकत्र करून मला सांगायचं की ओ. मी मधीच बसलोतो.’

शेजारच्या कॉटवरचा माणूस हसला. ती तिघं हसली नाहीत. मित्र स्टुलावर बसला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी तो उठला नाही. वॉर्डबॉयने दोनदा सांगितल्यावर त्याची बायको त्याला म्हणाली, ‘चला, एस्टी जाईल.’

पुढच्या रविवारी मित्र एकटा आला, त्यापुढच्या रविवारीही. तो आणि शिक्षक काय बोलत ते मला माहीत नाही, मी त्या वेळी गेलो नाही. वजनं काढल्यावर शिक्षकाचे वडील कोल्हापूरहून आले आणि त्याला घेऊन गेले. एस्टी स्टँडवर मित्राने त्याची ट्रंक टपावर चढवून दिली.

उजवा पाय इंचभर आखूड राहिला. पुढच्या जूनमध्ये शिक्षक त्याच शाळेत हजर झाला. चित्रकलेचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो त्या वर्षापासून तळमजल्यावर आणण्यात आला.